‘ऑपरेशन विजय’ : एक नाव, दोन युद्धे

डिसेंबर उजाडला की गोवा मुक्तिदिनाच्या निमित्ताने वृत्तवाहिन्यांवर चर्चा रंगू लागतात. त्यांत ‘ऑपरेशन विजय’चा उल्लेख अपरिहार्य असतो आणि घोटाळ्याचा आरंभही बहुधा तेथूनच होतो. हे नाव भारतीय लष्कराने दोनदा वापरले आहे. प्रथम डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण व दीवच्या मुक्तीसाठी आणि नंतर १९९९ मध्ये कारगिलमध्ये. नुसते नाव शोधणाऱ्याच्या हाती आधी कारगिलच लागते. मग द्रासची शिखरे मांडवीच्या कथेत येऊन बसतात.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. अधिक हानिकारक आहे ते दुसरे, पुष्कळदा अभिमानाने केले जाणारे विधान : गोवा म्हणे एकही गोळी न झाडता मुक्त झाला. भारताच्या आकडेवारीनुसार या मोहिमेत आपले २२ जण धारातीर्थी पडले. पोर्तुगालचे सुमारे ३० मारले गेले.

या २२ पैकी सात जण अंजदीवचे. कारवारसमोरचे हे बेट प्रशासकीयदृष्ट्या गोव्याचे. १८ डिसेंबरच्या सकाळी ‘त्रिशूल’ युद्धनौकेवरील नौसैनिक तेथे उतरले. भारतीय बाजूच्या वृत्तांतानुसार पोर्तुगीजांनी आधी पांढरे निशाण दाखवले आणि नंतर गोळीबार केला. बेट पूर्णपणे ताब्यात यायला दुसरा दिवस उजाडला. ‘आयएनएस गोमंतक’ येथील स्मारक या सात जणांची आठवण देते. ‘रक्तहीन विजय’ म्हणणाऱ्याने ते एकदा तरी पाहावे.

त्याच दिवशी मुरगाव बंदरात ‘अफोंसो द आल्बुकेर्क’ ही जुनी पोर्तुगीज युद्धनौका ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांच्याशी लढली. तिचा कप्तान जबर जखमी झाला आणि ती बांबोळीच्या किनाऱ्यावर नेऊन रुतवण्यात आली. दीवच्या समुद्रात ‘वेगा’ ही गस्ती नौका हवाई हल्ल्यात बुडाली. दमणवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने चाल केली. तेथेही गोळ्या झाडाव्याच लागल्या.

मग ‘गोळी न झाडता’ हा समज आला कोठून? खुद्द गोव्याच्या भूमीवर पोर्तुगीज सैन्याने बोरी, बाणस्तारीसारखे पूल उडवत मुरगावकडे माघार घेतली. त्यामुळे ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड १९ डिसेंबरच्या सकाळी पणजीत शिरली, तेव्हा तिचे स्वागत विरोधाने नव्हे, तर जल्लोषाने झाले. हीच दृश्ये पुढे लोकांच्या स्मरणात राहिली. शिवाय, शरण न जाण्याचा सालाझारचा आदेश असतानाही गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी त्याच दिवशी सायंकाळी शरणागतीवर सही केली. त्यांनी तो आदेश पाळला असता तर मृतांचा आकडा किती वाढला असता, याचा विचार चर्चेत क्वचितच होतो. या निर्णयाबद्दल त्यांना पोर्तुगीज सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांना प्रतिष्ठा परत मिळाली.

आणखी एक आवडते विधान म्हणजे ‘विक्रांत’वरील विमानांनी गोव्यावर बॉम्ब टाकले. विमानवाहू ‘विक्रांत’ नुकतीच, म्हणजे १९६१ मध्येच नौदलात दाखल झाली होती आणि गोव्याजवळच्या समुद्रात तैनातही होती. पण तिचे काम बाहेरील हस्तक्षेपाला धाक दाखवण्याचे होते. दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्बवर्षाव करणारी कॅनबेरा विमाने पुण्याहून निघाली होती. बांबोळीचे बिनतारी संदेश केंद्र उद्ध्वस्त करणारी हंटर विमाने उडाली ती बेळगावजवळच्या सांब्र्याहून. ‘विक्रांत’चे चित्र पडद्यावर भव्य दिसते, हे खरे. सांब्र्याचे नाव मात्र बेळगावबाहेर फारसे कोणी घेत नाही.