मशीनपर्यंतची वाट : लेखांक ४ – मत टपालाने जातं, चेहरा जात नाही

मागच्या लेखांकात मतदार यादी कशी तयार होते ते पाहिलं. आता पुढचा प्रश्न. यादीतलं नाव आणि केंद्राच्या दारात उभा असलेला माणूस एकच आहे, हे कोण ठरवतं? आणि मत टपालाने येत असेल, दारात कुणी उभंच नसेल, तेव्हा काय होतं?

निवडणुकीच्या दिवशी कोल्हापुरातल्या कुठल्याही शाळेच्या आवारात थोडा वेळ थांबा, "कार्ड हाय की माझ्याकडं, मग मत का न्हाई?" हा सवाल कानावर पडणारच. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सर्वाधिक मतदान याच जिल्ह्यात झालं, त्यामुळे तो विचारणारेही कमी नसावेत. उत्तर मात्र कोरडं आहे. मताचा हक्क यादीतल्या नावामुळे मिळतो, कार्डामुळे नाही. कार्ड एवढंच सांगतं की यादीतला तो इसम तुम्हीच. कागलच्या पत्त्याचं जुनं कार्ड घेऊन तुम्ही कसबा बावड्याच्या केंद्रावर गेलात आणि नाव तिथल्या यादीत असेल, तर मत देता येतं. उलट कार्ड नवंकोरं, पण यादीत नाव नाही, तर परत फिरावं लागतं.

फोटोचं ओळखपत्र आलं १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. त्याआधी चार दशकं देशाने फोटोशिवायच मतदान केलं. म्हैसूरची शाई १९६२ पासून बोटाला लागते, पण ती ओळख पटवत नाही, दुसऱ्यांदा येणाऱ्याला अडवते. मग ओळख कशी पटायची? ती पद्धत आजही केंद्रात जिवंत आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष नसतं. पहिला मतदान अधिकारी तुमचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, ते तुमच्यासाठी नव्हे. मागे बसलेल्या पोलिंग एजंटांनी, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींनी, ऐकावं म्हणून. एजंट शक्यतो त्याच भागातले असतात. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण नोकरीला पुण्यात आहे, हे त्यांना ठाऊक असतं. कागदावरच्या फोटोपेक्षा ही गल्लीची आठवण पुष्कळदा जास्त पक्की असते, असं मला वाटतं.

एजंटला संशय आला तर तो मतदाराच्या ओळखीला आव्हान देऊ शकतो. त्यासाठी केंद्राध्यक्षाकडे रोख दोन रुपये भरायचे. १९६१ च्या निवडणूक नियमांतली ही रक्कम आजही तेवढीच आहे, आणि दोन रुपयांत आता कटिंग चहाही येत नाही. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. आक्षेप खोटा किंवा खोडसाळ ठरला तर दोन रुपये जप्त. खरा ठरला तर तोतया थेट पोलिसांच्या हाती.

याहून चमत्कारिक प्रसंग म्हणजे तुम्ही पोचण्याआधीच तुमच्या नावावर कुणीतरी मत देऊन गेलेलं असणं. अशा वेळी भांडून घरी जायचं नाही. ओळख पटवून दिलीत तर तुम्हाला प्रदत्त मत देता येतं. बोलीत त्याला टेंडर व्होट म्हणतात. मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर. ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि मतमोजणीत धरली जात नाही. निकालाला आव्हान मिळालं तरच न्यायालयात तिला किंमत येते. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा अशाच प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

कार्ड सापडत नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, दिव्यांगांचं ओळखपत्र असे पर्याय चालतात; २०२४ मध्ये असे बारा होते. रेशनकार्ड त्यांत नव्हतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) घरी देऊन जातात ती चिठ्ठीही २०१९ पासून ओळख म्हणून पुरत नाही. तिचा उपयोग खोली आणि अनुक्रमांक शोधण्यापुरता.

बायकांच्या बाबतीत एक गुंता नेहमीचा. यादीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. स्पेलिंगमधल्या किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करावं असं निवडणूक आयोगच सांगतो, पण आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललं की ती चूक किरकोळ उरत नाही. अशा वेळी जुनं मतदार कार्डच कामाचं, कारण यादीतलं नाव आणि फोटो त्याच्याशी जुळतात. कायमचा उपाय म्हणजे नमुना ८ भरून नोंद दुरुस्त करणं, आणि तो निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता करणं.

आता टपालाकडे वळू. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे. नावातच सगळं आलं. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातूनही पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जातात. सीमेवरच्या या जवानाचं नाव गावच्या यादीत सेवा मतदार म्हणून, शेवटच्या भागात असतं. गंमत म्हणजे त्याला मतदार ओळखपत्र दिलंच जात नाही. त्याची नोंद त्याच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत होते, म्हणजे त्याची ओळख पलटणच देते. सोबत राहणारी पत्नीही सेवा मतदार होऊ शकत असे. महिला अधिकाऱ्याच्या पतीला मात्र ती सोय नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यात 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' आला.

२०१६ च्या नियमबदलानंतर सेवा मतदाराची मतपत्रिका संगणकावरून पाठवली जाते, तो ती छापून घेतो आणि मत नोंदवून टपालाने परत पाठवतो. पाकिटाची रचना नीट बघा. मतपत्रिका आतल्या लहान पाकिटात बंद. त्याच्या बाहेर, पण मोठ्या पाकिटाच्या आत, एक प्रतिज्ञापत्र : नमुना १३-अ. 'हे मत मीच दिलं' असं त्यावर मतदार लिहून देतो आणि त्याच्या सहीखाली अधिकारी साक्षांकन करतो. केंद्रावर चेहरा जे काम करतो, ते इथे या दुसऱ्या सहीला करावं लागतं. मतमोजणीच्या टेबलावर आधी प्रतिज्ञापत्र तपासतात. ते नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, त्यात लिहिलेला मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतलं पाकीट उघडलंच जात नाही. घाईत प्रतिज्ञापत्र मतपत्रिकेबरोबर आतल्या पाकिटात कोंबलं, तरी परिणाम तोच.

अमेरिकेत अनेक राज्यांत टपाली मताची ओळख मतदाराच्या नोंदवलेल्या सहीशी ताडून पटवतात. आपण तिसऱ्या माणसाच्या साक्षीवर विसंबतो. माझ्या मते हे जास्त भरवशाचं, पण ज्याला वेळेवर अधिकारी भेटत नाही त्याच्यावर ते अन्याय करतं.

जवानासाठी आणखी एक वाट आहे. सशस्त्र दलांतला मतदार त्याच मतदारसंघात राहणारा प्रतिनिधी नेमू शकतो. हा प्रतिनिधी स्वतःचं मत देतोच, शिवाय जवानाचंही देतो. त्या दुसऱ्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते.

पंच्याऐंशीच्या पुढचे आणि किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेले मतदार लोकसभा-विधानसभेला घरून मत देऊ शकतात. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरावा लागतो. मग पथक घरी येतं, ओळख तपासतं, चित्रीकरण करतं, पण खूण करताना आडोसा धरतं. एक अट मात्र घरच्यांनी आजी-आजोबांना आधीच समजावून सांगावी. अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मताची खूण होते. मग मतदानाच्या दिवशी बरं वाटलं म्हणून केंद्रावर गेलं तरी मत मिळत नाही.

मुंबईत किंवा पुण्यात काम करणाऱ्या चंदगडच्या माणसाला यांतलं काहीच नाही. त्याने सुट्टी काढून गावी यायचं किंवा नाव शहरात हलवायचं. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही नमुना ६-अ भरून गावच्या यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं, आणि ओळख म्हणून फक्त मूळ पासपोर्ट चालतो. त्यांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पुढे ते बारगळलं.

बाद झालेली टपाली पाकिटं किती मोलाची असतात ते मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात दिसलं. ४ जून २०२४ रोजी रवींद्र वायकर तिथे अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे राहिले. बाद टपाली मतं होती १११. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी पुन्हा तपासायची असा आयोगाचा दंडक आहे, त्यामुळे त्या एकशे अकरा मतांची निकालाआधी फेरतपासणी झाली.

(पुढील लेखांकात : मतमोजणीच्या टेबलावर कोण बसतं आणि सकाळी आठला आधी काय उघडतं)