पानगळ आणि अंगणांतील माती

माघ लागला कीं नांदेडच्या अंगणांतून सकाळीं धुराचा वास येऊं लागतो. रात्रीं गळलेलीं पानें झाडून, ढीग करून त्याला काडी लावली कीं अंगण स्वच्छ झालें, अशी आपली समजूत असते. त्या ढिगाची बाजू मांडण्याकरितां आज मी आपल्यापुढें आलों आहें.

इंग्रजी पुस्तकांतील पानगळ शरदांतली. तेथें दिवस लहान होऊन थंडी वाढली कीं झाडें पानें टाकतात. आपल्याकडे शरदांत रानें हिरवीं असतात. किनवट-माहूरच्या डोंगरांतला साग उघडा पडतो तो पुढें शिशिरांत, आणि त्याचें कारण थंडीपेक्षां पाण्याची टंचाई. पानाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी सतत बाहेर जात असतें. जमीन सुकूं लागली कीं हा खर्च झाडाला परवडत नाहीं. मग पानांतील नत्र व स्फुरद यांचा बराच भाग तें फांदींत परत ओढून घेतें. देठाच्या बुडाशीं पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि तेथेंच पान सुटतें. तेव्हां फाल्गुनांत कडुनिंब झडूं लागला म्हणजे तो आजारी झाला असें समजून बादल्या ओतूं नयेत. पाडव्याच्या सुमारास त्याला पालवी येतेच.

आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि त्या भेगांतून खोलवरची ओलहि उडून जाते. 2016 सालीं लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलां नसाल. अशा मुलखांत आळ्यांत पसरलेला चार बोटें जाडीचा पालापाचोळा मातीवर सावली धरतो, आणि आपण तोच जाळून चिमूटभर राख हातीं घेतों! बुंध्याभोंवतीं मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी. ओल धरून साल कुजते.

उरलेल्या पानांचें खत करावें. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें सिद्ध केलेली खताची पद्धत 1931 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तिचें मर्म घरगुती खड्ड्यालाहि लागू पडतें. नुसतीं वाळलेलीं पानें लवकर कुजत नाहींत, कारण त्यांत नत्र थोडें. म्हणून पानांचा थर, त्यावर हिरवा पाला, त्यावर शेणकाला, असें रचीत जावें. सागाचीं पानें कुसकरून घालावीं. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवावा आणि दोन-तीन वेळां वरखालीं करावा. रोगट पानें त्यांत टाकूं नयेत.

माघांत भरलेला खड्डा बहुधा मृगापर्यंत तयार होतो. तें खत चाळून कुंड्यांना घालावें. चाळणींत राहिलेले देठ पुढच्या खड्ड्याच्या तळाशीं जातात.