महाड-पोलादपूरच्या डोंगराळ गावी इंटरनेटची तार व सरकारी धोरण

पीक पाहणीची नोंद पूर्वी तलाठी गाव नमुना 12 मध्ये करीत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून ती शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, उभ्या पिकाचे छायाचित्र जोडून करावी, असा क्रम राज्यभर सुरू झाला. क्रम चांगला आहे. बांधावर पाऊल न टाकता चावडीत बसून भरलेले तक्ते आम्ही नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिले आहेत. परंतु त्या तारखेच्या अवघे 24 दिवस आधी, 22 जुलै रोजी, महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. रस्ते पाण्याखाली व वीज-फोन बंद, अशा स्थितीत मदत पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. ज्या मुलखातून संकटाची वर्दी वेळेवर निघत नाही, तेथील रयतेकडे नोंद मात्र इंटरनेटवरून मागितली जाते. असे का व्हावे, हे कळण्यास गावापर्यंत तार येते कशी, ते पाहिले पाहिजे.

वाड्या विखुरलेल्या, मधे ओढे व रान, गिऱ्हाईक थोडे. अशा ठिकाणी खासगी कंपनी आपण होऊन तार नेत नाही, आणि त्याबद्दल तिला बोल लावणे व्यर्थ आहे. यासाठीच केंद्र सरकार दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून शेकडा 5 प्रमाणे रक्कम घेऊन निराळा निधी राखते. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्यास डिजिटल भारत निधी हे नाव दिले. या निधीच्या बळावर सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींसच 2017 चा डिसेंबर लागला. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने राज्य सरकारने अंगावर घेतले.

विलंबाचे कारण केवळ पैसा नव्हे. एकच चर राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम खाते, जिल्हा परिषद, वनखाते व ग्रामपंचायत यांच्या हद्दींतून जातो, आणि प्रत्येकाची परवानगी निराळी. 2016 च्या नियमांनी साठ दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळालीच असे समजावे, अशी तरतूद केली. कागदावर ती उत्तम होती. पण आमच्या कोकणात हे साठ दिवस मृगाला भिडले, की पुढील चार महिने चर खणण्याची सोयच उरत नाही, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

दुसरा दोष मूळ आराखड्यात होता. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकेरी तार. मधे एका ठिकाणी रस्ता खचला, की पुढील सर्व गावे मुकी. सावित्रीकाठच्या व घाटाखालच्या गावांस हे सांगावयास नको. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1,39,579 कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत ही तार कड्यासारखी फिरवून आणावयाची आहे. म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीने दळणवळण चालू राहील. दहा वर्षांच्या देखभालीचा खर्चही त्यातच धरला आहे. आमच्या मते हीच खरी सुधारणा होय. मात्र कड्याच्या दोन्ही बाजू एकाच नदीकाठाने नेल्या, तर ते कडे नावापुरतेच राहील. एक बाजू वरंध घाटाने भोरकडे किंवा आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जोडता येईल काय, हे तज्ज्ञांनी पाहावे. घाटांतही दरडी पडतात, हे आम्ही जाणतो. पण दोन्ही वाटा एकाच वेळी बंद होण्याचा संभव कमी.

तारेचा मोठा वैरी पाऊस नसून दुसऱ्या खात्याचा जेसीबी आहे. नळाची पाइप टाकावयास चर खणतात आणि शेजारची फायबर तुटते. हे टाळण्यासाठी मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप निघाले. ग्रामपंचायतीने ठेकेदारास त्यावर आधी कळविण्यास भाग पाडावे. त्याहून बरे म्हणजे नळाच्याच चरात एक रिकामी नळी टाकून ठेवावी. पुढे तीतून वाडीपर्यंत तार ओढता येईल, कारण भारतनेटची तार ग्रामपंचायतीच्या कचेरीत येऊन थांबते आणि भात मात्र दोन कोस पलीकडे असते.

आपल्या जमिनीतून तार गेल्यास मालकी जाईल, अशी धास्ती कित्येक खातेदारांस वाटते. 2023 च्या कायद्याप्रमाणे तार टाकणाऱ्यास जमिनीवर मालकी मिळत नाही. खासगी जागेसाठी त्याने मालकाशी करार करावयाचा असतो. तो लेखी असावा. गट क्रमांक, चराची खोली, बांध पूर्ववत करण्याची जबाबदारी व उभ्या पिकाचा मोबदला ही कलमे त्यात घालून घ्यावीत, आणि एक प्रत सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवावी.