खिळा नाही, तरी हवा उतरते

देहूरोडला जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेला पंक्चरवाल्याकडे सकाळी थांबणाऱ्यांना घाई असते. कुणाला तळेगावची एमआयडीसी गाठायची असते, कुणाला देहूगाव, येलवाडीवरून चाकण. रस्त्यावर लेथचे कुरळे छिलके आणि तारांचे तुकडे सांडणाऱ्या या पट्ट्यात खिळ्याच्या पंक्चरचं कुणाला अप्रूप नाही. पट्टी मारली की माणूस पुढे. छळतो तो दुसरा प्रकार. स्कूटरचा ट्यूबलेस टायर दोन दिवसांत मऊ पडतो आणि कितीही फिरवून पाहिला तरी त्यात काही रुतलेलं सापडत नाही.

आधी थंडीचा हिशेब करावा. जानेवारीत दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश असं होतंच. एवढ्या फरकाने २९ पीएसआय भरलेला टायर पहाटे तीनेक पीएसआय कमी दाखवतो आणि ऊन चढलं की ते भरून येतं. ही गळती नव्हे.

त्याहून जास्त उतरत असेल तर पहिली झडती वॉल्व्हची. टोपी काढून तोंडावर बोटाने थुंकी लावायची. बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल किंवा झिजलेली. मग वॉल्व्हची रबरी नळी आडवी वाकवून बुडाशी साबणाचं पाणी लावायचं. उन्हाने तडकलेल्या रबराची भेग नळी सरळ असताना दिसत नाही, वाकवली की फेस काढते.

तिथेही काही नसेल तर चाक काढून पाण्याच्या टबात बुडवायचं. टायर रिमला टेकतो त्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे रांगेने निघाले, की दुकानदार पाण्यातून हात न काढताच सांगतो, ‘दादा, रिम खाल्लीय.’ ट्यूबलेसमध्ये हवा अडवते ती टायरची कड आणि रिम यांची पकड. मावळच्या पावसाळ्यात लोखंडी रिमचा रंग उडतो आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो पापुद्रे काढत फुगतो आणि टायरची कड उचलतो.

अशा वेळी सीलंटची बाटली रिकामी करणं हा लोकप्रिय आणि माझ्या मते पैसे वाया घालवणारा इलाज. चाक फिरताना ते द्रव रस्त्याला टेकणाऱ्या भागाकडे फेकलं जातं. खिळ्याचं भोक तिथेच असतं, म्हणून त्याला ते लागू पडतं. इथे गळती आत, रिमपाशी. शिवाय पुढे टायर उघडणाऱ्याचे हात आणि तोंड दोन्ही खराब होतात.

खरा इलाज कष्टाचा आहे. पिन काढून हवा सोडायची, टामीने कड सोडवायची आणि रिमची बैठक तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने हाताला गुळगुळीत लागेपर्यंत घासायची. टायरची कडही पुसायची, तिथे जुन्या गंजाची पूड चिकटलेली असते. साबणाचं पाणी लावून टायर चढवायचा आणि पिन न बसवताच जोरात हवा भरायची. दोन्ही कडा फट्‌ फट्‌ आवाज करत बसतात. मग पिन लावून ठरलेली हवा भरायची. कड बसत नाही म्हणून हवा वाढवत नेऊ नये, तसंच पेट्रोल शिंपडून काडी लावण्याचा ‘जुगाड’ तर करूच नये. बसता बसता फुटलेला टायर हात मोडतो.

आकुर्डीच्या कारखान्यातल्या जुन्या चेतक स्कूटरला हे दुखणं नव्हतं. तिची रिम दोन पाळ्यांची, नटांनी जोडलेली आणि आत ट्यूब. ट्यूब घालण्याचा तो मार्ग आजही काही जण ट्यूबलेसमध्ये वापरतात. खिळा लागला की मात्र ट्यूब एकदम बसते आणि चालत्या गाडीवर तोल जातो.

हे दुखणं फक्त स्कूटरचं नाही. कॅनडात किंवा मिनेसोटात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या गॅरेजमध्ये बर्फ उडवायचं यंत्र असतं. त्याचे छोटे ट्यूबलेस टायरही असेच मऊ पडतात. हिवाळ्यातलं मीठमिश्रित पाणी आणि मग उन्हाळाभर एकाच जागी पडून राहणं, तिथला गंज असा येतो. घासायची रीत तीच.

घासूनही बुडबुडे थांबले नाहीत तर रिम बहुधा खड्ड्यात वाकलेली किंवा तडकलेली असते. थोडी वाकलेली लोखंडी रिम ठोकून सरळ करता येते, तडा गेलेली ॲलॉय मात्र बदलावीच लागते.