संमती आणि शरणागती : विधिपंडितांच्या एका अनावृत पत्राचा अर्थविचार

न्यायालयाच्या निर्णयावर कायद्याच्या अध्यापकांनी जाहीर भाष्य करावे किंवा नाही, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. निर्णय पुराव्यावर आधारलेला असतो आणि साक्षीदारांना प्रत्यक्ष ऐकण्याची संधी बाहेरच्या अभ्यासकाला मिळालेली नसते, हा अशा भाष्यावरील प्रमुख आक्षेप होय. आक्षेप वजनदार असला तरी अपुरा आहे. निर्णय जसा पुराव्यावर उभा असतो तसाच तो शब्दांच्या अर्थावरही उभा असतो. आणि शब्दार्थाची चिकित्सा करण्यास न्यायासनावर बसण्याची आवश्यकता नसते. या दृष्टीने उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधिपंडितांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना लिहिलेले अनावृत पत्र विशेष अभ्यसनीय आहे.

पत्राचा विषय ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला होता. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोघा पोलिसांवर होता. वैद्यकीय अंदाजानुसार तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पुनश्च मुक्तता केली.

तीन न्यायालयांच्या या मतभेदाचे मूळ ‘संमती’ या एका शब्दात आहे. भीतीने अगतिक होऊन देह स्वाधीन करणे म्हणजे इच्छा नव्हे, असा भेद उच्च न्यायालयाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मुलीच्या अंगावर जखमेच्या खुणा नाहीत, याला निर्णायक महत्त्व दिले. खुणा नाहीत म्हणून प्रतिकार नाही. प्रतिकार नाही म्हणून संमती आहे, अशी ही अनुमानमालिका होती.

या मालिकेतील दुसरी पायरी भाषिकदृष्ट्या डळमळीत आहे. मराठीचाच दाखला घेतला तर ‘संमती’ या नामाबरोबर ‘देणे’ हे क्रियापद येते. संमती दिली जाते. म्हणजे तिला कर्ता लागतो, आणि न देण्याचा पर्यायही त्या कर्त्याच्या हाती असावा लागतो. ‘सोसणे’, ‘निमूट राहणे’, ‘नाइलाज होणे’ या प्रयोगांत असा पर्याय अभिप्रेत नसतो. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन मराठीत रूढ आहे खरे. परंतु बोलण्याची मोकळीक असलेल्या व्यक्तींच्या व्यवहारातच ते सार्थ ठरते. जिथे नकार उच्चारणेच धोक्याचे, तिथे मौनाचा अर्थ मौनातून निघत नाही. तो प्रसंगातून काढावा लागतो.

पत्रलेखकांनी नेमका हाच प्रसंग पुढे मांडला. संमतीत स्वाधीन होणे अंतर्भूत असले, तरी प्रत्येक स्वाधीनतेत संमती असतेच असे नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. रात्रीची वेळ, पोलिसांचे ठाणे, एकटी व दरिद्री मुलगी आणि समोर सत्ताधारी पुरुष, या परिस्थितीत तिचा निमूटपणा कसा वाचावा, असा त्यांचा सवाल होता. स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यावर बोलावण्याच्या प्रथेवर याच न्यायालयाने १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी खटल्यात कडक टीका केली होती, याचेही त्यांनी स्मरण दिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांनी नवा पुरावा आणला नाही. निर्णयातच नमूद असलेल्या वस्तुस्थितीचे त्यांनी वेगळे वाचन केले.

१९८० च्या आरंभी हे पत्र सार्वजनिक चर्चेचा विषय झाले आणि ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रियांनी निदर्शने केली. १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे पुरावा अधिनियमाच्या कलम ११४-अ ने ठरविले. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हाही त्याच दुरुस्तीने अपराध ठरला. या खटल्याला मात्र लोकव्यवहारात त्या मुलीचेच नाव चिकटले होते. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच दिली : शब्दांनी, हावभावांनी वा अन्य संकेतांनी व्यक्त केलेला निःसंदिग्ध व स्वेच्छेचा होकार. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही तेथे स्पष्ट केले गेले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये हीच व्याख्या कायम आहे.

हे परिवर्तन एकट्या पत्राचे फळ नव्हे. चळवळ, विधी आयोग आणि संसद यांचा त्यात वाटा आहे. शिवाय त्या मुलीच्या पदरात त्यातून काहीच पडले नाही. आरोपींची मुक्तता कायम राहिली. तथापि चालू घडामोडींवर बोलणाऱ्या विधिपंडिताचे कार्यक्षेत्र कोणते, हे या उदाहरणावरून निश्चित करता येते. आरोपी दोषी की निर्दोष हे त्याने घोषित करावयाचे नसते. निर्णयात जो शब्द स्वयंसिद्ध म्हणून वापरला गेला, तो स्वयंसिद्ध नाही हे दाखवून देणे, आणि तेही सामान्य वाचकाला तपासून पाहता येईल अशा भाषेत, हे त्याचे काम होय.