संगणकाला तारीख शिकवताना

कारकुनीत तारखांचे शिक्के मारण्यात आमची वीस वर्षे गेली. तारीख कशी लिहावी हे आम्हाला कुणी शिकवावे, असे कधी वाटले नव्हते. ते शिकवले वस्तीतल्या अभ्यासिकेतील अकरावीच्या एका मुलीने.

२०२५ साली श्रावणबाळ योजनेच्या अर्जांसाठी वस्तीतील वृद्धांची यादी करायची होती. वयाची अट ६५ वर्षे. आमच्या वहीतील जन्मतारखा संगणकावर चढवल्या आणि नुकतीच पायथन शिकू लागलेल्या या मुलीने वय काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला. यादी छापून आली, तर एका आजींचे वय उणे ३१! "अगं, म्हंजी मी अजून जन्मायचीच हाय की!" आजी म्हणाल्या. सगळे हसले. पण पात्र असलेले सगळेच म्हातारे यादीतून गळाले आहेत हे दिसल्यावर हसू थांबले.

घोळ आमच्याच हातचा. वहीत आम्ही साल नुसते '५६' लिहिले होते. दोन आकडी साल वाचायला सांगितले की पायथन ६९ ते ९९ हे एकोणीसशेतले धरतो आणि ०० ते ६८ हे दोन हजारांतले. आजी गेल्या थेट २०५६ मध्ये!

दुसरी गंमत १ जूनची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ही तारीख कितीतरी घरांत आहे. ०१/०६ हे अमेरिकन पद्धतीने वाचले तर ६ जानेवारी होते, आणि संगणक चकार शब्द काढत नाही. १५/०६ असते तर पंधरावा महिना नाही म्हणून तो तिथेच अडला असता. अडणारा संगणक परवडला बुवा! म्हणून क्रम आपणच सांगायचा: आधी दिवस, मग महिना, मग चार आकडी साल. सालासाठी इंग्रजी वाय मोठ्या लिपीतला. छोटा वाय लिहिला की पुन्हा '५६'.

मुलीने वय काढताना एकूण दिवसांना ३६५ ने भागले होते. ६५ वर्षांत लीप वर्षांचे १६-१७ दिवस जादा येतात, त्यामुळे माणूस पंधरवडाभर आधीच पात्र ठरतो आणि अर्ज परत येतो. आता ती सालातून साल वजा करते. यंदाचा वाढदिवस यायचा असेल तर आणखी एक.

प्रोग्राम तिने तासाभरात सुधारला. वही सुधारायला मात्र आम्हाला तीन संध्याकाळी शाळेचे दाखले तपासत घरोघर फिरावे लागले.