दोन तास दहा मिनिटं म्हणजे नक्की किती?

'सोमवारी दिल्लीत अकराची मीटिंग, रात्री घरी जेवायला परत.' बॉस हे इतक्या सहज बोलतो, जणू दादरहून ठाण्याला जायचंय. तिकीटही त्याच्याच बाजूने बोलतं : मुंबई ते दिल्ली, दोन तास दहा मिनिटं. पण दोस्तहो, हा आकडा नेमका कसला असतो?

दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. राजधानी एक्स्प्रेसला रुळांवरून तेच गाठायला १,३८० किलोमीटरच्या वर धावावं लागतं. आपलं नेहमीचं एअरबस ए-३२० वर पोचलं की ताशी ८००-८५० किलोमीटरने पळतं. म्हणजे हिशेबाने तास-वीस मिनिटांत दिल्ली यायला हवी. मग उरलेला पाऊण तास गेला कुठे?

थोडा चढण्या-उतरण्यात, बराचसा जमिनीवर आणि रांगेत. तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसतेच. तिला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. विमान स्टँडवरून हललं की घड्याळ सुरू, दुसऱ्या टोकाला स्टँडवर थांबलं की बंद. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. म्हणून रांग, म्हणून आकाशात घिरट्या. दिल्लीत धावपट्ट्या चार आहेत, पण लांबच्या पट्टीवर उतरलात तर वाटतं, हा आता गुडगावपर्यंत असाच चालवत नेणार!

वर कंपन्या थोडी मिनिटं हातची राखतात ती वेगळीच. 'आपण वेळेआधी पोचलो आहोत' ही गोड घोषणा पुष्कळदा त्या राखीव मिनिटांची कमाई असते. वाराही आपला वाटा मागतो. वरच्या थरांत, खासकरून हिवाळ्यात, पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. त्यामुळे कोलकात्याला जाताना ढकलगाडी मिळते आणि परत येताना तेच अंतर कापायला वेळ जास्त लागतो.

हा ब्लॉक टाइम तुमच्या पोटाशीही जोडलेला आहे बरं का. डीजीसीएच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यावं लागतं. दिल्लीची फ्लाइट यात बसते. काउंटरवर बिनधास्त मागा, लाजू नका.

आता खरा हिशेब, दारापासून दारापर्यंत. बॅगेचं काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी बंद होतं, त्यामुळे एका दिवसाच्या कामाला फक्त हातातली बॅग न्या. सहाच्या फ्लाइटने सव्वाआठच्या सुमारास दिल्ली. टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला सोडते, टॅक्सीच्या नादी लागूच नका. खारघर-पनवेलकरांसाठी २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. हवेतलं अंतर तेवढंच राहतं, पण पहाटेची अंधेरीची वारी वाचते.

डिसेंबर-जानेवारीत मात्र दिल्लीचं सकाळचं धुकं कुणाचंच ऐकत नाही. तेव्हा आदल्या दिवशीच निघा. हॉटेलचं बिल? ते बॉसच्या टेबलावर.